सिंगल चॅनल एबीएस, पावसाळी घाट आणि सरकणारं मागचं चाक

प्रश्न थोडक्यात असा: २०१९ साली घेतलेली १५० सीसीची गाडी. पुढे डिस्क, मागे ड्रम, सिंगल चॅनल एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, इथे फक्त पुढच्या चाकाला), ३१,००० किलोमीटर झालेले. पावसाळ्यात दर पंधरवड्याला पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगाव, बहुतेक वेळा डबलसीट. उतारावर ब्रेक मारला की मागचं चाक सरकतं. खड्ड्यांच्या पट्ट्यात पुढचा ब्रेक ‘क्षणभर सोडून देतो’. गेल्या महिन्यात एबीएसचा दिवा दोनदा लागून राहिला. मेकॅनिक म्हणतो, ‘एबीएस खराब झालंय, फ्यूज काढून टाक, साधा ब्रेक बरा.’ तर फ्यूज काढावा, की गाडी विकून डबल चॅनल, म्हणजे दोन्ही चाकांना एबीएस असलेली, घ्यावी?

तुम्ही एकच दुखणं सांगताय, पण ही तीन आहेत आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. मागचं चाक सरकतं त्यात एबीएसचा हातच नाही, कारण तुमच्या गाडीत मागच्या चाकाला एबीएस नाही. खड्ड्यात ब्रेक सुटल्यासारखा वाटतो ते एबीएस आपलं काम करतंय म्हणून. दिवा लागून राहतो तो मात्र खरा बिघाड, आणि तो बहुधा स्वस्तातला निघेल. फ्यूज काढून यातलं पहिलं दुखणं आहे तसंच राहील, दुसरं जास्त धोकादायक होईल आणि तिसरं फक्त झाकलं जाईल. तेसुद्धा नीट नाही, कारण फ्यूज काढला की दिवा कायमचा पेटून राहतो.

गाडीचं नेमकं मॉडेल, टायरची अवस्था आणि मागे बसणाऱ्याचं वजन यावर पुढचे काही आकडे थोडे इकडेतिकडे होतील. कारणं तीच राहतील.

सिंगल चॅनल म्हणजे ब्रेक ऑइलच्या एकाच मार्गावर, पुढच्या डिस्कच्या मार्गावर, एबीएसचं नियंत्रण. पुढच्या हबवर खाचा असलेली एक रिंग असते आणि तिच्यासमोर सेन्सर. खाचा किती वेगाने पुढे सरकतात त्यावरून युनिटला, म्हणजे एबीएस चालवणाऱ्या डब्याला, चाकाचा वेग कळतो. गाडी पळतेय आणि चाक मात्र एकदम मंदावतंय असं दिसलं की युनिटमधला एक व्हॉल्व्ह लिव्हरकडून येणारा दाब अडवतो, दुसरा कॅलिपरमधला (डिस्कला पॅडने चिमटा घेणाऱ्या भागातला) दाब थोडा सोडतो, चाक पुन्हा फिरू लागतं आणि दाब परत चढतो. हे सेकंदाला अनेकदा घडतं, म्हणून लिव्हर बोटांखाली थरथरतो. चाक लॉक होण्याच्या, म्हणजे फिरायचं थांबून नुसतं घसरण्याच्या, उंबरठ्यावर येईपर्यंत एबीएस काहीही करत नाही. तोवर तुमचा ब्रेक अगदी साधाच ब्रेक असतो. म्हणून ‘एबीएसमुळे ब्रेक कमी लागतो’ ही तक्रार आली की आधी पॅड, डिस्क आणि ब्रेक ऑइल बघायचं असतं.

आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं ते नव्या मॉडेलना १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना १ एप्रिल २०१९ पासून. त्या नियमात १२५ आणि त्याखाली एबीएस किंवा सीबीएस, म्हणजे दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय, चालत होती. नियमात सिंगल चॅनलही बसत होतं, त्यामुळे दीडशेच्या वर्गात कंपन्यांनी तेच दिलं. एकाच चाकाला द्यायचं असेल तर पुढच्यालाच द्यावं हे बरोबरही आहे. पुढचं चाक लॉक झालं तर सावरायला वेळच मिळत नाही. मागचं सरकलं तर बहुतेक वेळा गाडी हातात राहते.

आता मागच्या चाकाकडे येऊ. खरा विषय तोच आहे.

ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं. दीडशेच्या गाडीवर, ओल्या डांबरावर मध्यम जोराचा ब्रेक लावला तर साधारण सत्तर टक्के भार पुढच्या चाकावर आणि तीसच्या आसपास मागच्यावर उरतो. उतार असेल तर मागचा आणखी थोडा घटतो. टायरची पकड भारावर अवलंबून असते, म्हणजे मागच्या चाकाकडे द्यायला आधीच फार थोडं असतं. त्यात तुम्ही घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये आहात आणि थ्रॉटल बंद आहे. इंजिन मागच्याच चाकाला ओढून धरतंय. त्या उरलेल्या पकडीतला बराचसा वाटा इंजिनाने घेतल्यावर पायाच्या ब्रेकला उरतो चिमूटभर. पाय सवयीप्रमाणे तेवढाच दाबला जातो, आणि चाक सरकतं.

डबलसीटचा घोळ थोडा उलटा आहे. मागे माणूस बसला की मागच्या चाकावर भार वाढतो, ब्रेक जास्त सहन होतो आणि पायाला जोरात दाबायची सवय लागते. परतीला एकटे निघालात की तोच पाय, तोच जोर आणि भार मात्र कमी. चाक कधी सरकतं ते डबलसीट आणि एकटे असताना वेगवेगळं बघा. एकटे असतानाच जास्त होत असेल तर उत्तर तिथेच मिळालं.

करायचं काय? उतारावरच्या वेगाचं मुख्य काम पुढच्या ब्रेककडे द्या. ‘पावसात पुढचा ब्रेक लावू नये’ हा सल्ला एबीएस नसलेल्या गाड्यांच्या काळातला, आणि तेव्हाही तो अर्धाच बरोबर होता. तुमच्या गाडीत जे चाक इलेक्ट्रॉनिक्स सांभाळतंय ते पुढचंच आहे. लिव्हर झटक्याने ओढायचा नाही. आधी दोन बोटांनी पॅड डिस्कला टेकेपर्यंत आणायचा, पुढचा शॉक जरा बसू द्यायचा आणि मग जोर वाढवत न्यायचा. पायाचा ब्रेक हलका, गाडी सरळ ठेवण्यापुरता. खालचा गिअर वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर आणि एकेक करून टाका. क्लच सोडताना थ्रॉटलला किंचित चिमटा द्या, म्हणजे इंजिनाचा वेग चाकाशी जुळतो. चौथ्यावरून थेट दुसरा टाकून क्लच फटकन सोडला तर ब्रेकला हात न लावताही मागचं चाक लॉक होतं. हे लक्षात ठेवा, कारण असं लॉक होणं डबल चॅनल एबीएससुद्धा थांबवू शकत नाही. एबीएस ब्रेकचा दाब सोडतं, इंजिनाची ओढ नाही. त्यासाठी स्लिपर क्लच (इंजिनाची ओढ जास्त झाली की आपोआप थोडा सरकणारा क्लच) लागतो, किंवा डाव्या हाताला शिस्त. अचानक थांबायची वेळ आली तर क्लच पूर्ण दाबा, म्हणजे मागचं चाक इंजिनापासून मोकळं होतं.

आणि सरकलंच तर? गाडी अजून सरळ रेषेत असेल तर पायाचा ब्रेक हळू सोडा, चाक फिरू लागेल. पण मागचा भाग बराच बाजूला गेला असेल तर पाय एकदम सोडू नका. चाकाला अचानक पकड मिळते, गाडी झटक्यात सरळ व्हायला बघते आणि स्वाराला विरुद्ध बाजूला फेकते. अशा वेळी चाक लॉक ठेवून, नजर समोर दूर ठेवून थांबणं कमी नुकसानीचं.

रायडिंगला दोष देण्याआधी ड्रम उघडून बघा. तुमच्या वर्णनात ‘ब्रेक सोडल्यावरही क्षणभर चाक अडकल्यासारखं वाटतं’ असं एक वाक्य आहे. ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे, उघडणारा कॅमचा दांडा कोरडा पडला किंवा गंजला की पाय उचलल्यावर शू लगेच मिटत नाहीत. असं असेल तर तुम्ही कितीही नाजूक पाय ठेवा, ब्रेक आपल्या मर्जीनेच सुटणार. दांडा काढून पॉलिश पेपरने साफ करायचा, चिमूटभर उष्णता सोसणारं ग्रीस लावायचं (शूला लागू द्यायचं नाही), स्प्रिंग ताणलेली असेल तर बदलायची. पेडलची मोकळी चाल बहुतेक गाड्यांत २० ते ३० मिलिमीटर असते. ती फार कमी करून ठेवली तर ब्रेक घासत राहतो, गरम होतो आणि ओढतो. ड्रममध्ये पाणी गेलं की आधी ब्रेक लागतच नाही आणि वाळता वाळता अचानक पकडतो. ओढा किंवा साचलेलं पाणी ओलांडल्यावर सरळ रस्त्यावर पायाचा ब्रेक हलका टेकवून शू सुकवून घ्या.

खड्ड्यातला ‘सुटलेला’ ब्रेक हे दुसरं दुखणं. खड्ड्याच्या काठावरून चाक उतरताना ते क्षणभर हवेत किंवा अगदी हलकं असतं. ब्रेक दाबलेला असल्यामुळे हलकं चाक लगेच थांबायला लागतं. सेन्सरला खड्डा दिसत नाही, त्याला फक्त चाक लॉक होतंय एवढंच दिसतं, म्हणून दाब सुटतो. चाक पुन्हा टेकतं, दाब चढतो, पण मधला तो काळ पोटात खड्डा पाडणारा असतो. उखडलेल्या डांबराच्या सलग लाटांवर हे लागोपाठ होतं आणि थांबायचं अंतर खरोखर वाढतं. मोकळ्या खडीवरही वाढतं. लॉक झालेलं चाक खडीत रुतून पुढे ढीग जमा करतं, फिरतं ठेवलेलं चाक तसं करत नाही. म्हणूनच ॲडव्हेंचर प्रकारच्या काही गाड्यांत मागच्या चाकाचं एबीएस बंद करायचं बटण असतं.

यावर उपाय ब्रेकच्या वेळेचा आहे. खड्ड्यांचा पट्टा दिसला की ब्रेक आधी लावून वेग पाडा आणि काठाशी लिव्हर सैल करा. गतिरोधकालाही हेच लागू. पुढचे शॉक गळत असतील, त्यातलं ऑइल जुनं झालं असेल, तर चाक जास्त उड्या मारतं आणि एबीएस जास्त वेळा मध्ये पडतं. ३१,००० वर शॉकचं ऑइल आणि सील एकदा बघून घ्या. या दुखण्यावर पैसा खर्च करायचाच तर तो इथे.

वेगाचा हिशेब एकदा मनाशी मांडून ठेवा. ओल्या, बऱ्या डांबरावर सेकंदाला सुमारे ५ मीटर प्रति सेकंद वेग कमी होतो असं धरलं तर ६० च्या वेगाला नुसतं ब्रेकचं अंतर सुमारे २८ मीटर, त्यात एका सेकंदाची प्रतिक्रिया मिळवली तर ४४ च्या पुढे. ४० च्या वेगाला तेच साडेबारा आणि अकरा, म्हणजे साधारण साडेतेवीस मीटर. वीसने वेग कमी करून जितकं अंतर वाचतं तितकं कोणत्याही चॅनलचं एबीएस वाचवत नाही.

वळणावर झुकलेल्या गाडीतही अपेक्षा माफक ठेवा. टायरची पकड वळण्यात आणि थांबण्यात वाटली जाते. साधं एबीएस गाडी किती झुकली आहे हे मोजत नाही. ते मोजणारं कॉर्नरिंग एबीएस चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ॲडव्हेंचरसारख्या गाड्यांत मिळतं, आणि त्यालाही शेवाळ किंवा सांडलेल्या डिझेलवर नसलेली पकड निर्माण करता येत नाही. ताम्हिणीत सावलीच्या वळणांवर कडेला हिरवट दिसलं की ते शेवाळच समजा.

लिव्हरची थरथर कशी असते हे घाटात पहिल्यांदा कळू नये. बहुतेक लोक पहिल्या झटक्याला घाबरून लिव्हर सोडतात, आणि तिथेच ब्रेकिंग संपतं. मोकळ्या, सपाट, कोरड्या मैदानाच्या डांबरी भागावर एकट्याने, हेल्मेट-जॅकेटसकट पूर्ण रायडिंग गिअर अंगावर घालून ३० च्या वेगाला सुरुवात करा. गाडी सरळ, गुडघ्यांनी टाकी घट्ट, कोपर सैल, नजर समोर. क्लच दाबा, पुढचा ब्रेक भराभर वाढवत न्या आणि थरथर सुरू झाली तरी थांबेपर्यंत सोडू नका. पाच-सहा वेळा जमलं की ४०. मग तेच ओल्या डांबरावर, पुन्हा ३० पासून. पायाचा ब्रेक या सरावात हलकाच.

आता दिवा. किल्ली फिरवली की एबीएसचा दिवा लागायलाच हवा आणि गाडी चालू लागून पाच-दहाच्या वेगाला पोचली की विझायला हवा. उभ्या गाडीत पेटलेला दिसणं हा बिघाड नाही. उलट किल्ली फिरवूनही कधीच लागत नसेल तर दिव्याचं कनेक्शन बघा. काही गाड्यांत मागच्या चाकालाही सेन्सर असतो, सिंगल चॅनल असूनही, मागचं चाक उचललं जातंय का हे ओळखण्यासाठी. अशी गाडी मेन स्टँडवर लावून गिअरमध्ये फिरवली की मागचं चाक पळतंय आणि पुढचं थांबलंय असं युनिटला दिसतं आणि दिवा लागतो. चेनला ऑइल लावताना बरेच जण हा ‘बिघाड’ स्वतःच तयार करतात. किल्ली बंद-चालू करून थोडं चालवलं की तो जातो. तुमचा दिवा रस्त्यावर, चालत्या गाडीत लागला, म्हणून पुढचं बघायचं.

सुरुवात सेन्सरपासून. चिखल, आणि त्याहून जास्त ब्रेक पॅडचा लोखंडी चुरा, सेन्सरच्या चुंबकी टोकाला चिकटून बसतो. एका बोल्टवरचा सेन्सर काढा, मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने पुसा. पेट्रोल नको, पट्टीने खरवडणं तर अजिबात नको. त्याच्या बसायच्या जागेवरची मातीही काढा, कारण तिथे खडा राहिला की सेन्सर तिरका बसतो. रिंग आणि सेन्सरमधलं अंतर बहुतेक गाड्यांत एक मिलिमीटरच्या आसपास असतं. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्या आणि फीलर गेजने (बारीक फट मोजायच्या पातळ पात्यांनी) चाक फिरवत चार ठिकाणी मोजा. चारही ठिकाणी वेगळं आलं तर रिंग वाकली आहे किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये खेळ आहे. चाक वर-खाली धरून हलवलं की बेअरिंग कळतं. पंक्चरवाल्याकडे चाक डिस्कच्या बाजूवर आडवं टाकलं की रिंग वाकते, स्पेसर (चाकाच्या ॲक्सलवरची अंतर राखणारी नळी) उलटा बसवला की अंतर बिघडतं. गेल्या महिन्यात टायर किंवा पंक्चरचं काम झालंय का, आठवून बघा.

वायरही बघा. ती शॉकच्या कडेने वर जाते. तिची क्लिप तुटली की हँडल पूर्ण वळवताना वायर ताणली जाते किंवा टायरला घासते, आणि दिवा ‘कधी लागतो, कधी नाही’ असा खेळ सुरू होतो. तिसरा संशयित बॅटरी. २०१९ ची मूळ बॅटरी असेल तर तिचं वय झालंच आहे. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या वर आणि चालू इंजिनवर साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवं. जादा फॉग लाइट जोडले असतील तर ते बंद करून दोन दिवस चालवून बघा. व्होल्टेज पडलं की एबीएसचं युनिट स्वतःला बाजूला करतं. एवढं करूनही दिवा आलाच तर स्कॅनर असलेल्या सर्व्हिस सेंटरला फॉल्ट कोड (युनिटने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) वाचून घ्या, आणि तो पुसण्याआधी लिहून घ्या. थेट ‘एबीएस युनिट बदला’ हे उत्तर कोड न बघता मिळालं तर दुसरीकडे जा.

दिवा लागलेला असताना साधा ब्रेक काम करतोच, घरी येता येतं. फक्त पुढचं चाकही आता लॉक होऊ शकतं हे धरून चालवा. फ्यूज काढणं म्हणजे हीच अवस्था मुद्दाम कायमची करून घेणं.

ब्रेक ऑइलचा उल्लेख तुमच्या प्रश्नात नाही, पण २०१९ च्या गाडीत तो हवाच. झाकणावर लिहिलेलं बहुधा डॉट ४ असेल. नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत उतरलेला चालतो असं मानक आहे. ते हवेतली आर्द्रता ओढत राहतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. लांब उतारावर लिव्हर मऊ, लांब होत गेला तर हेच कारण असतं. जुनं ऑइल एबीएस युनिटच्या बारीक व्हॉल्व्हनाही गंजवतं, आणि ते युनिट महाग आहे. बदलताना सील बंद डबाच घ्या. डॉट ५ भरू नका, ते सिलिकॉनचं असतं आणि यात चालत नाही. युनिटच्या आतल्या पोकळ्यांतलं ऑइल साध्या ब्लीडिंगने, म्हणजे कॅलिपरच्या स्क्रूतून जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढून, निघत नाही, त्यामुळे स्कॅनरने व्हॉल्व्ह चालवून पुन्हा ब्लीड केलं तर उत्तम. ती सोय नसेल तर मैदानात दहा-बारा वेळा एबीएस चालू होईल असा ब्रेक मारा आणि परत एकदा ब्लीड करा.

डबल चॅनल घ्यावी का? गाडी बदलायचीच असेल तर होय, पावसाळी घाटासाठी तो फरक पैशांच्या मोलाचा आहे. पायाचा ब्रेक घाबरून जोरात दाबला गेला तरी मागचं चाक फिरतं राहतं, आणि घाबरल्यावर पाय जोरातच दाबला जातो. पण फक्त या तीन तक्रारींसाठी चालू गाडी विकू नका. खड्ड्यातली तक्रार डबल चॅनलमध्येही राहील. आणि तुमच्या गाडीला बाहेरून डबल चॅनल बसवून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. युनिटचं प्रोग्रामिंग त्या मॉडेलच्या वजन, चाकं आणि ब्रेकप्रमाणे केलेलं असतं. टायरचा आकारही याच कारणाने मूळचाच ठेवा.

टायरबद्दल तुम्ही ‘बरे दिसतात’ एवढंच लिहिलंय. बाजूच्या भिंतीवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. पुढचा मूळचाच असेल तर नक्षी शिल्लक दिसली तरी रबर कडक झालेलं असतं, आणि कडक रबर ओल्या डांबरावर लवकर सुटतं. मागच्याची नक्षी मधोमध दोन मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर घाटासाठी तो संपला समजा. हवा चेनकव्हरवरच्या स्टिकरप्रमाणे भरा, आणि एकटे परत येताना डबलसीटची जादा हवा कमी करायला विसरू नका. कडक फुगलेलं मागचं चाक सगळ्यात आधी सरकतं. खर्चाचा क्रम लावायचा तर पहिल्यांदा दोन्ही टायर, मग ब्रेक ऑइल आणि ड्रमची सफाई, मग बॅटरी. सेन्सर साफ करायला तर पाना, ब्रश आणि अर्धा तास एवढंच लागतं.